पाय वाचवणारा सर्जन घडतो कसा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुपरस्पेशालिटीच्या जागा वाढवा, ही मागणी राज्यात वरचेवर होते आणि ती रास्त आहे. मधुमेहामुळे काळी पडलेली बोटे, डायलिसिससाठी हातावर करायचा फिस्टुला (धमनी आणि शीर यांचा जोड), मोटारसायकलच्या अपघातात गुडघ्यामागे तुटलेली धमनी, बिडी-तंबाखूपायी ऐन तिशीत बंद होत गेलेल्या पायाच्या धमन्या ही सगळी कामे व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनची, आणि असे सर्जन बहुतांशी मोठ्या शहरांतच आहेत. पण जागा मंजूर झाली म्हणजे सर्जन तयार झाला असे नाही. एमबीबीएसनंतर तीन वर्षे एमएस जनरल सर्जरी, मग नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेशपरीक्षा, मग एमसीएच किंवा डीआरएनबी व्हॅस्क्युलर सर्जरीची आणखी तीन वर्षे. या शेवटच्या छत्तीस महिन्यांत रेसिडेंट (निवासी डॉक्टर) कुठे, किती दिवस आणि कोणत्या क्रमाने काम करतो, त्यावर पुढची तीस वर्षे तो काय करू शकेल हे ठरते. या क्रमाबद्दल बाहेर फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात होते. नवा रेसिडेंट आला की त्याला थेट ऑपरेशन थिएटरमध्ये किंवा कॅथलॅबमध्ये (धमनीत नळी घालून उपचार करायच्या खोलीत) उभे करतात, कारण तिथे हात कमी पडत असतात. आमच्या मते पहिले दोन महिने त्याने व्हॅस्क्युलर लॅबमध्ये, स्वतःच्या हातात प्रोब धरून काढले पाहिजेत. सुरुवात हातात धरायच्या ८ मेगाहर्ट्झच्या साध्या डॉपलरपासून, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्रापासून. रुग्णाला पाच ते दहा मिनिटे आडवे झोपू द्यायचे. दोन्ही दंडांवरचा सिस्टॉलिक दाब घ्यायचा, मग दोन्ही घोट्यांवर पायाच्या वरची आणि घोट्यामागची अशा दोन्ही धमन्यांचा. प्रोब धमनीला साधारण ४५ ते ६० अंश तिरका, मध्ये भरपूर जेली, आणि आवाज बंद झाल्यावर दाब आणखी २० मिमी (पारा) वाढेल इतकी हवा भरून रक्तदाबाचा पट्टा सावकाश सोडायचा. घोट्याचा जास्तीचा आकडा भागिले दंडाचा जास्तीचा आकडा, हा झाला एबीआय (अँकल-ब्रेकियल इंडेक्स). ०.९० किंवा कमी आला तर पायाच्या धमन्यांचा आजार आहे, ०.४ च्या खाली गेला तर आजार गंभीर आहे.

इथवर पुस्तकात असते. लॅबमध्ये शिकायचे ते पुढचे. मधुमेही आणि किडनीच्या रुग्णांच्या धमन्यांच्या भिंतीत चुना साठतो, त्या दाबल्याच जात नाहीत आणि एबीआय १.४ च्या वर दिसतो. कधी कधी तो नेमका १.० दिसतो, आणि हे अधिक घातक, कारण कागदावर पाय ठणठणीत असतो आणि अंगठा काळा पडत असतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब लहान पट्ट्याने मोजावा लागतो. तो ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा धरू नये. ही गोष्ट पन्नास पाय स्वतः मोजल्यावरच अंगवळणी पडते.

रक्ताचा वेग मोजणाऱ्या डुप्लेक्स सोनोग्राफीत सगळा खेळ कोनाचा. रक्तप्रवाह आणि अल्ट्रासाउंडचा किरण यांच्यातला प्रत्यक्ष कोन ६० अंश असताना यंत्रावर ६५ लावला, तर वेग सुमारे १८ टक्क्यांनी जास्त दिसतो. तीच पाच अंशांची चूक ३० अंशांवर झाली तर फरक जेमतेम ६ टक्के. म्हणून ६० च्या वर जायचे नाही, हा नियम. मानेतल्या कॅरोटिड धमनीत वेग सेकंदाला २३० सेंमीच्या वर गेला की ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंदपणा धरतात आणि त्यावर मानेच्या ऑपरेशनचा निर्णय होतो. कोन चुकवून काढलेला आकडा एखाद्याला नको त्या ऑपरेशनला नेऊ शकतो. एक व्यावहारिक अडचणही सांगितली पाहिजे. सोनोग्राफी यंत्र पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान प्रतिबंधक) कायद्याखाली नोंदलेले असते. ते कुठे ठेवायचे आणि कोण वापरणार, याची कागदपत्रे रेसिडेंट रुजू होण्याआधी पूर्ण झाली नाहीत तर त्याचे लॅबचे पोस्टिंग नुसते बघण्यात जाते. विभागप्रमुखांनी हे काम आधी उरकावे.

लॅबच्या जोडीने डायबेटिक फूटची ओपीडी. इथे रेसिडेंटने १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनच्या तंतूने) तळव्याची संवेदना तपासायची, हाडापर्यंत सळई लागते का बघायचे, आणि जखम, रक्तपुरवठा व जंतुसंसर्ग या तिन्हींना वेगवेगळे ० ते ३ गुण द्यायचे. ही वायफाय (WIfI: वूंड, इस्केमिया, फूट इन्फेक्शन) पद्धत २०१४ पासून वापरात आहे. तिचा खरा उपयोग असा की ती डॉक्टरला क्रम ठरवायला लावते. पायात पू असेल तर आधी पू काढायचा, त्याच दिवशी, रक्तपुरवठा कमी असला तरी. कोरडे, सुकलेले गँगरीन असेल तर आधी रक्तपुरवठा सुधारायचा आणि बोट नंतर कापायचे. हा क्रम उलटा झाला की कापलेली जागा भरत नाही, पुन्हा वर कापावे लागते. बोटापासून सुरू झालेले प्रकरण गुडघ्यापर्यंत जाते ते बऱ्याचदा अशाने.

आता रात्रीची ड्यूटी. व्हॅस्क्युलर सर्जरीत सर्वाधिक शिकवणारी हीच, आणि सर्वात कमी आखलेलीही हीच. अचानक पाय थंड पडलेला रुग्ण येतो. पाय पांढरा, दुखतोय, नाडी नाही, मुंग्या. रेसिडेंटने दहा मिनिटांत ठरवायचे की पाय कोणत्या टप्प्यात आहे. बोटांची संवेदना गेली पण हालचाल शाबूत, म्हणजे काही तास हातात आहेत, अँजिओग्राफी करता येईल. पाऊल हलवताना शक्ती कमी वाटते, बधिरपणा बोटांच्या वर सरकला, म्हणजे आता थेट थिएटर. स्नायू ताठ झाले, धमनीचा आवाज नाही आणि शिरेचाही नाही, तर त्या पायात रक्त सोडणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. स्नायू आणि मज्जातंतू साधारण सहा तासच तग धरतात. म्हणून निदान होताच हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध द्यायचे, किलोमागे ८० युनिट, रिपोर्टची वाट न पाहता. तालुक्याच्या डॉक्टरने फोन केला तर रेसिडेंटने आधी विचारायचे ते हेच: हेपॅरिन दिले का?

जांघेतली धमनी उघडून फोगार्टीच्या फुग्याने गुठळी ओढून काढायचे ऑपरेशन दिसायला सोपे आहे. थॉमस फोगार्टी यांनी हे कॅथेटर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणले, त्याआधी असे पाय मोठ्या संख्येने जात. सोपे दिसते म्हणूनच ते कोणी नीट शिकवत नाही. मांडीच्या धमनीला ४ नंबर, पोटरीच्या धमन्यांना ३ नंबर, वर पोटाकडे जायला ५ नंबर. ३ नंबरच्या फुग्यात सलाईन मावते फक्त ०.२ मिली, ४ नंबरमध्ये ०.७५ मिली. जो फुगा फुगवतो त्यानेच ओढायचे, कारण भिंतीचा रेटा बोटांना कळला पाहिजे. एकाने फुगवायचे आणि दुसऱ्याने ओढायचे, अशी विभागणी केली की धमनीचे आतले अस्तर सोलले जाते, आणि काही तासांत तिथेच नवी गुठळी बसते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे जांघेतून खाली घातलेले ३ नंबरचे कॅथेटर सरळ रेषेत असल्यामुळे बहुतेक वेळा पोटरीतल्या पेरोनियल या एकाच धमनीत जाते. सर्जनला वाटते सगळे साफ झाले, पाऊल मात्र थंडच. मग गुडघ्याखाली धमनी उघडून प्रत्येक फांदीत कॅथेटर वेगळे घालावे लागते. म्हणूनच ऑपरेशन संपवण्याआधी टेबलावरच अँजिओग्राम काढायचा, नाडी लागली तरीही.

आणि फॅशिओटॉमी, म्हणजे स्नायूंवरचे घट्ट आवरण कापून दाब मोकळा करणे. पाच-सहा तास रक्ताविना राहिलेल्या पोटरीत रक्त परतले की ती सुजते. तिथल्या स्नायूंचे चारही कप्पे उघडावे लागतात, दोन छेदांतून. बाहेरचा छेद पुढच्या आणि बाहेरच्या कप्प्यासाठी, आतला छेद टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) कडेमागे साधारण २ सेंमीवर, मागच्या दोन कप्प्यांसाठी. रेसिडेंट दोन ठिकाणी हमखास चुकतो. एक म्हणजे कातडीचा छेद आखूड ठेवतो. जखम लहान दिसावी असे त्याला वाटते, पण कातडीच दाबून धरते. छेद १५ ते २० सेंमी लांब लागतो. दुसरे, आतून खोलवरचा मागचा कप्पा उघडलाच जात नाही, सोलियस स्नायू टिबियापासून सुटा केल्याशिवाय तो उघडत नाही. दोन दिवसांनी तळवा बधिर असतो आणि बोटे खाली वाकत नाहीत, तेव्हा कळते. रात्रभर पोटॅशियम, ईसीजी आणि लघवीचा रंग बघत राहणे हाही याच शिकण्याचा भाग आहे. लघवी चहासारखी झाली की किडनी धोक्यात आहे.

रस्त्यावरच्या अपघातांबाबत एवढेच की गुडघा निखळलेल्या प्रत्येक रुग्णाचा एबीआय घ्यावा, गुडघा जागेवर बसवल्यावर नाडी लागली तरी. ०.९ पेक्षा कमी असेल तर सीटी अँजिओग्राफी. हाड आणि धमनी दोन्ही तुटली असतील तर धमनीत आधी तात्पुरती नळी बसवून रक्त चालू करायचे, मग अस्थिशल्यचिकित्सकाने हाड बांधायचे, मग तुटलेल्या धमनीच्या जागी शीर जोडायची. ही शीर दुसऱ्या, धडधाकट पायाची घ्यायची. जखमी पायातली खोल शीरही तुटलेली असू शकते, तेव्हा वरवरच्या शिरेवरच पायातले रक्त परत जाण्याची भिस्त असते.

डायलिसिसचा फिस्टुला हे रेसिडेंटने स्वतः करायचे पहिले ऑपरेशन. मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडण्याची ही कल्पना १९६६ मध्ये ब्रेशिया आणि सिमिनो यांनी मांडली. धमनी किमान २ मिमी, शीर २.५ मिमी, शक्यतो डावा हात (डावखुऱ्याचा उजवा), आणि मनगटापासून सुरुवात करून गरज पडली तरच वर. सहा आठवड्यांनी रेसिडेंटनेच डुप्लेक्स करायचा. व्यास ६ मिमी, कातडीपासून खोली ६ मिमीपेक्षा कमी, प्रवाह मिनिटाला ६०० मिली, हे तीन सहा जुळले की सुई घालायला हरकत नाही. फिस्टुला फुगत नसेल तर बहुतेक वेळा दोष जोडाच्या अगदी पुढे, जिथे शीर वळवली तिथे असतो: शीर पिळली गेली, किंवा सुटी करताना कमी सोडली. कोपराजवळ धमनीतला छेद ५-६ मिमीपेक्षा मोठा झाला तर हाताचे रक्त पळवले जाते आणि बोटे गार पडतात. ज्याने ऑपरेशन केले त्यानेच सहा आठवड्यांनी तपासले तर त्याला आपली चूक दिसते. आज अनेक ठिकाणी ऑपरेशन एका पोस्टिंगमध्ये होते आणि फॉलोअप दुसऱ्याकडे जातो, म्हणून तोच टाका पुन्हा तसाच पडतो. वॉर्डांसाठी एक विनंती: किडनीचा आजार असलेल्या रुग्णाच्या मनगटापासून कोपरापर्यंत सलाईन लावू नका, हाताच्या पाठीवर लावा. ती शीर उद्याचा फिस्टुला आहे.

आता सर्वात नाजूक प्रश्न. गेल्या तीन दशकांत फुगे, स्टेंट आणि नळीतून बसवायचे ग्राफ्ट यांनी ही शाखा बदलून टाकली. महाधमनीचा फुगार (कमकुवत भिंतीला आलेला फुगवटा) पोट न उघडता आतून झाकण्याचे ऑपरेशन हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्यूनोस आयर्समध्ये केले, तिथून वारे फिरले. रुग्णांचे त्यात भलेच झाले. पण उघड्या ऑपरेशनची संख्या घटली, आणि जे उरतात ते सर्वात अवघड असतात, म्हणून ते वरिष्ठच करतात. परिणामी तीन वर्षे पूर्ण करूनही पोटरीच्या बारीक धमनीवर शिरेचा बायपास एकट्याने न केलेला रेसिडेंट बाहेर पडू शकतो. नळीने काम फसले की मागे फिरायला त्याच्याकडे दुसरा रस्ता नसतो.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. दर आठवड्याला दोन तास, टेबलावर. खाटकाकडून आणलेल्या बकऱ्याच्या रक्तवाहिन्या, अडीच ते साडेतीन पटींचा लूप (डोळ्यांवर लावायचे भिंग), कॅस्ट्रोव्हिएजो सुईधारक आणि पॉलिप्रोपिलीन धागा: जांघेसाठी ५-०, गुडघ्यासाठी ६-०, घोट्यासाठी ७-०. धमनीच्या बाजूला सुई नेहमी आतून बाहेर, म्हणजे चरबीचा थर भिंतीला दाबला जातो, उलट घातली तर तो सुटून आत लोंबतो आणि प्रवाह अडवतो. धागा उघड्या चिमट्याने धरायचा नाही, दातांची खूण पडली की तिथेच तो तुटतो, बहुधा क्लॅम्प सोडल्यावर. गाठीला सहा-सात फेरे, कारण हा धागा निसरडा आहे. जोडाची टाच आणि टोक (दोन्ही टोकांचे कोपरे) या दोन जागी टाके सर्वात जवळ आणि सर्वात जपून, जोड अरुंद होतो तो तिथेच. शंभर जोड टेबलावर झाल्यावर मगच माणसाच्या पायावर. हात बसला नसताना रुग्णावर शिकू देणे आम्हाला मान्य नाही.

कॅथलॅबमध्ये धमनीत सुई घालणे हेच निम्मे शिक्षण. जांघेतली धमनी मांडीच्या हाडाच्या गोलाईसमोर, सोनोग्राफीने बघून टोचायची. वर टोचली तर रक्त पोटामागे साठते, बाहेर काहीच दिसत नाही, रुग्ण फक्त कंबर दुखते म्हणतो आणि नाडी वाढत जाते. खाली टोचली तर खोटा फुगार. नळी काढल्यावर १५ ते २० मिनिटे दाबायचे, आणि दाबायचे ते कातडीच्या छिद्रावर नव्हे, त्याच्या थोडे वर, जिथे धमनीचे छिद्र असते. तारेचे टोक पडद्याबाहेर जाऊ द्यायचे नाही. जांघेपर्यंतच्या मोठ्या धमन्यांना ०.०३५ इंची तार, गुडघ्याखाली ०.०१८ किंवा ०.०१४. क्ष-किरणांबाबत हयगय फार होते: अर्धा मिलिमीटर शिशाचा ॲप्रन, गळपट्टा, चष्मा, आणि किरणांची मात्रा मोजणारा डोसिमीटर बॅज रोज. अणुऊर्जा नियामक परिषदेची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. अंतर दुप्पट केले की मात्रा चौपटीने कमी होते. एक पाऊल मागे सरकणे फुकट आहे. बॅज लॉकरमध्ये ठेवून काम करणारा रेसिडेंट दिसला तर त्याला त्या दिवशी टेबलावर उभे करू नये.

बाहेरची पोस्टिंग थोडक्यात: इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी दोन महिने, कार्डियाक सर्जरी एक महिना (छाती उघडून महाधमनी पकडायला शिकण्यासाठी), अतिदक्षता विभाग एक महिना, आणि शक्य असेल तर देशातल्या जुन्या व्हॅस्क्युलर विभागांपैकी एखाद्यात, वेल्लोर किंवा बंगळुरूकडे, दोन महिने. जिथे एखाद्या प्रकारचे काम कमी आहे तिथल्या रेसिडेंटला ते बाहेर मिळाले पाहिजे. संस्थेचा अभिमान यात आड येऊ नये.

हे सगळे घडले की नाही, हे कळण्याची एकच जागा आहे, लॉगबुक, म्हणजे रेसिडेंटची शस्त्रक्रियांची नोंदवही. अमेरिकेत ही शाखा पाच वर्षांच्या एकत्रित किंवा जनरल सर्जरीनंतर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने शिकवतात, आणि प्रकारवार किमान शस्त्रक्रियांचे आकडे ठरलेले असतात. ब्रिटनने २०१२ मध्ये ही शाखा जनरल सर्जरीपासून वेगळी केली. आपल्याकडे लॉगबुक असते, पण ते परीक्षेच्या आधीच्या महिन्यात एकदम भरले गेले तर त्याला काय अर्थ? प्रत्येक नोंदीपुढे चारपैकी एक शब्द हवा: पाहिले, मदत केली, देखरेखीखाली केले, स्वतः केले. सोबत तीस दिवसांनी पायाचे काय झाले, हेही. नोंद त्याच आठवड्यात, गाइडच्या सहीने. आणि जागा मंजूर करताना तपासणी पथकाने खाटा आणि यंत्रे मोजण्याआधी मागच्या तीन रेसिडेंटची लॉगबुके उघडावीत: स्वतः केलेले बायपास किती, फिस्टुला किती, रात्रीच्या एम्बोलेक्टॉमी (गुठळी काढायची ऑपरेशने) किती.

शेवटी एक मागणी, ज्यासाठी नवी जागा लागत नाही. थंड पडलेला पाय जिल्ह्यात प्रथम पाहतो तो जनरल सर्जन. एमएसच्या विद्यार्थ्यांना आता तिसऱ्या ते पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. त्याआधीच, दुसऱ्या सत्रात, प्रत्येकाला सहा आठवडे व्हॅस्क्युलर पोस्टिंग द्यावे आणि त्यात चारच गोष्टी पक्क्या कराव्यात: एबीआय, हेपॅरिन, जांघेतून फोगार्टी आणि चार कप्प्यांची फॅशिओटॉमी. जिथे व्हॅस्क्युलर विभाग नाही त्या महाविद्यालयांनी शेजारच्या विभागाशी करार करावा. जिल्हा रुग्णालयाच्या थिएटरमधल्या कपाटात एक हातडॉपलर, जेलीची बाटली, चार्ज केलेली बॅटरी, ३, ४ आणि ५ नंबरची प्रत्येकी दोन फोगार्टी कॅथेटरे (मुदत संपायची तारीख बाहेर दिसेल अशी ठेवलेली), ५-० आणि ६-० पॉलिप्रोपिलीन, रक्तवाहिन्यांच्या चार क्लॅम्प आणि हेपॅरिनच्या बाटल्या असाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या विद्यार्थ्याने हे कपाट तपासून सही करावी.

आपले,
व्हॅस्क्युलर सर्जरीच्या प्रशिक्षणात काम करणारे काही शल्यचिकित्सक,
पुणे